पाटी, लाथ आणि टाळी

हाणामारीचा सिनेमा बघणारा माणूस अडाणी असतो, असे आपल्याकडच्या शिकलेल्या मंडळींनी फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. तो शिट्ट्या मारतो, खुर्चीवर उभा राहतो, नायकाने पडद्यावर लाथ मारली की आपणही पुढच्या खुर्चीला लाथ हाणतो. तेव्हा त्याला काय कळणार, असा हा निवाडा. या निवाड्याच्या बाजूने एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे तीन पक्ष एकत्र येतात. पहिला पक्ष समीक्षकांचा. त्यांच्या लेखी असल्या सिनेमाला कथा नसते, अभिनय नसतो, म्हणून त्यावर लिहिणेच कमीपणाचे. दुसरा पक्ष समाजाची काळजी वाहणाऱ्यांचा. त्यांच्या मते असले सिनेमे बघून गरिबांची पोरे सूड शिकतात. तिसरा पक्ष आमच्याच मोहल्ल्यातल्या काही बुजुर्गांचा. सिनेमा म्हणजेच गुनाह, त्यात मारामारीचा म्हणजे दुप्पट गुनाह. तिघांची कारणे वेगळी, पण एका गोष्टीवर तिघांचे एकमत आहे. प्रत्यक्ष प्रेक्षकाला काही विचारायची गरज नाही!

आम्हाला या तिघांशी भांडायचे आहे. भांडण हवेत होऊ नये म्हणून एकच सिनेमा समोर ठेवतो. तो स्वस्तातला आहे, हाणामारीचा आहे आणि पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत सूडाचा आहे. म्हणजे तिन्ही पक्षांना एकाच वेळी राग यावा असा.

ब्रूस लीचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' २२ मार्च १९७२ रोजी हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक लो वे, निर्माते रेमंड चाऊ आणि कंपनी गोल्डन हार्वेस्ट, जी स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. खर्च सुमारे एक लाख अमेरिकी डॉलर. हॉलीवूडच्या त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम चहापाण्याची. संवाद चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित करण्याची चैन परवडत नव्हती, ते मागाहून डब केले. शेवटच्या मारामारीत खलनायकाच्या जागी दूर फेकला जाणारा पोरगेला स्टंटमन म्हणजे पुढे जगभर गाजलेला जॅकी चॅन. त्या वेळी त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. खुद्द ब्रूस ली तेव्हा ३१ वर्षांचा होता. अमेरिकेत त्याला 'द ग्रीन हॉर्नेट' या दूरचित्रवाणी मालिकेत काम मिळाले होते ते मालकाची मोटार हाकणाऱ्या केटोचे. चिनी तोंडवळ्याच्या माणसाला नायक करायला तिथे कोणी तयार नव्हते. म्हणून तो परत फिरला होता.

सिनेमाची गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शांघायमधली. शहराचे तुकडे परकीयांनी वाटून घेतले आहेत. चेन झेन नावाचा शागिर्द आपल्या उस्तादाच्या मयतीला पोहोचतो. उस्ताद म्हणजे हुओ युआनजिया. हा माणूस खरा होऊन गेला; १९१० मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी शांघायमध्ये जिंगवू ही व्यायामसंस्था स्थापन झाली. चेन झेन मात्र लेखकाने रचलेला. दुखवट्याच्या दिवशी जपानी आखाड्याची माणसे एक तसबीर भेट म्हणून घेऊन येतात. तिच्यावर लिहिलेले असते, 'पूर्व आशियाचा रोगी'. म्हणजे तुम्ही चिनी लोक दुबळे, आजारी, मरायला टेकलेले. जिंगवूचे लोक उस्तादाची शिकवण आठवून गप्प बसतात. चेन झेन दुसऱ्या दिवशी एकटा जपानी आखाड्यात जातो, सगळ्यांना लोळवतो आणि तसबिरीतला कागद फाडून तो त्यांनाच चघळायला लावतो. पुढे त्याला कळते की उस्तादावर विषप्रयोग झाला आणि तो आखाड्याच्या आतल्याच माणसांनी केला. मग सुरू होतो बदला. एकामागून एक माणसे मरतात. आणि शेवटी चेन झेन स्वतः पोलिसांच्या बंदुकांसमोर उभा राहतो.

पण या सिनेमातले जे दृश्य लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले, त्यात कोणी मरत नाही. चेन झेन एका बागेच्या फाटकापाशी येतो. तिथे पाटी आहे: कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. पहारेकरी पाटीकडे बोट दाखवतो. त्याच वेळी एक परदेशी बाई आपला कुत्रा घेऊन आत जाते. मग एक जपानी माणूस हसत सांगतो, कुत्र्यासारखा चाललास तर तुलाही आत नेतो. चेन झेन त्याला झोडपतो. आणि मग उडी घेऊन हवेतल्या हवेत त्या पाटीला लाथ मारतो. लाकडाचे तुकडे होतात. सारे मिळून काही सेकंदांचे काम.

हाँगकाँगच्या थेटरांत याच ठिकाणी लोक उभे राहून ओरडले. सिनेमाने हाँगकाँगमध्ये ४४ लाख हाँगकाँग डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. त्याआधीचा विक्रमही ब्रूस लीच्याच १९७१ च्या 'द बिग बॉस'चा, सुमारे ३२ लाखांचा. हे शहर होते जेमतेम ४० लाख वस्तीचे. तेव्हा पहिल्या पक्षाला, म्हणजे समीक्षकांना, आमचा पहिला प्रश्न असा की, हे लोक कशाला टाळ्या वाजवत होते? नुसत्या उडीला? उड्या मारणारे सिनेमे तिथे वर्षाला ढिगाने निघत होते.

उत्तर थेटराच्या बाहेर आहे. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होते. वस्ती बहुतांश चिनी, पण चिनी भाषेला राज्यकारभारात अधिकृत स्थान नव्हते. ते इंग्रजीच्या बरोबरीने मिळाले १९७४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी हा सिनेमा लागला, त्या वर्षी सरकारच्या दारात त्या शहरातल्या बहुसंख्यांची भाषा बाहेरच उभी होती. उर्दू माध्यमात शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या आम्हाला ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको. १९६७ मध्ये त्या शहरात वसाहतीच्या सत्तेविरुद्ध मोठा उद्रेक होऊन गेला होता. १९७१ मध्ये काही बेटांवरच्या जपानी दाव्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले होते आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन घरी गेले होते. जपानी फौजेने १९४१ ते १९४५ या काळात त्याच शहरावर राज्य केले होते. ते भोगलेली माणसे थेटरात बसलेली होती. अशा माणसाला पडद्यावरची पाटी फुटताना काय दिसले असेल, हे समजायला समीक्षेची पदवी लागत नाही. लागते ती कधी ना कधी फाटकाबाहेर उभे राहिल्याची आठवण.

इथे विद्वान मंडळी एक दाखला पुढे करतात. तशा शब्दांची पाटी शांघायच्या त्या बागेवर कधी नव्हतीच, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. बागेच्या नियमांच्या यादीत एका कलमात बाग परदेशी समाजासाठी राखीव असल्याचे लिहिले होते आणि वेगळ्या कलमात कुत्रे व सायकली आणायला मनाई होती. लोकांनी दोन कलमे जोडून एक वाक्य केले. पण विद्वानांनी पुढचेही सांगावे. बाग खरोखरच चिन्यांना बंद होती आणि ती त्यांना उघडली १९२८ मध्ये. पाटी खोटी होती, फाटक खरे होते. उलट आम्ही असे म्हणू की, सभ्य भाषेत लिहिलेल्या दोन कलमांतला अपमान उघड करून एका वाक्यात वाचणाऱ्या लोकांनी त्या कलमांचा बरोबर अर्थ लावला. आज आपल्या शहरांत कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर 'मुसलमानांना घर मिळणार नाही' अशी पाटी नसते. दलाल नाव विचारतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ती जागा कालच गेली. पाटी कुठे आहे, दाखवा, असे कोणी म्हणाले तर आम्ही काय दाखवणार?

हा सिनेमा हाँगकाँगपुरता राहिला असता तर त्याला स्थानिक राष्ट्रवादाचा उमाळा म्हणून सोडून देता आले असते. पण तो समुद्र ओलांडून गेला आणि जिथे गेला तिथे फाटकाबाहेरच्या माणसांनी त्याला उचलून धरले. अमेरिकेत १९७३ च्या मे महिन्यात एका आठवड्यात सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत पहिली तीन स्थाने हाँगकाँगच्या सिनेमांनी घेतली होती. तिथल्या वितरकांची कदर किती, तर त्यांनी ब्रूस लीच्या दोन सिनेमांची नावेच उलटसुलट केली. 'द बिग बॉस' तिकडे 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' झाला आणि 'फिस्ट ऑफ फ्युरी'ला 'द चायनीज कनेक्शन' हे नाव चिकटले. कोणत्या डब्यात कोणता सिनेमा आहे हे नीट बघण्याचीही तसदी नाही! सिनेव्यवसायाच्या पत्रांत या सिनेमांना 'चॉपसॉकी' असे टोपणनाव पडले. चॉपसुई या हॉटेलातल्या पदार्थावरून केलेला विनोद. पण शहरांच्या मध्यभागातल्या जुन्या थेटरांत, जिथून गोरे प्रेक्षक उपनगरांत निघून गेले होते, तिथे काळे आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे तरुण हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघत होते. नायक गोरा नाही, हत्यार नाही, पैसा नाही, आहे ते फक्त आपले शरीर आणि त्याला लावलेली शिस्त. ही गोष्ट त्यांना लगेच पोहोचली.

त्यांच्यातला एक प्रेक्षक म्हणा, शागिर्द म्हणा, आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९४७ मध्ये जन्मलेला बास्केटबॉलपटू लू अल्सिंडर. त्याने १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल जब्बार या नावाने ओळखू लागले. सात फूट दोन इंच उंचीचा हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये ब्रूस लीकडे शिकायला जाई आणि 'गेम ऑफ डेथ'मध्ये त्याने आपल्या उस्तादाशी मारामारीही केली. काळा अमेरिकी मुसलमान चिनी उस्तादाकडे शिकतो. याला कोणी संस्कृतिसंगम म्हणून परिसंवाद भरवला नाही, कारण तो चॉपसॉकीत झाला होता.

दुसरे उदाहरण बोस्नियाचे. मोस्तार हे नदीच्या दोन काठांवर वसलेले गाव. युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तिथला उस्मानी काळातला जुना पूल तोफांनी पाडला गेला. तो २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. पण एका काठावर क्रोएट आणि दुसऱ्या काठावर बोस्नियाक मुसलमान ही फाळणी मनातून गेली नव्हती. गावात पुतळा कोणाचा उभारावा? एकाचा वीर दुसऱ्याचा खाटीक. तेव्हा तिथल्या काही तरुणांनी सर्वांना चालेल असा माणूस शोधून काढला. २६ नोव्हेंबर २००५ रोजी मोस्तारच्या बागेत ब्रूस लीचा सोनेरी पुतळा उभा राहिला. हाँगकाँगने आपल्या या सुपुत्राचा पुतळा उभारला तो त्यानंतर एका दिवसाने! मोस्तारच्या पुतळ्याची लगेचच मोडतोडही झाली, हे खरे. द्वेष करणाऱ्यांना कोणताही पुतळा चालत नाही. पण ज्या गावात कुणाचेही नाव एकमताने घेता येत नव्हते तिथे एका हाणामारीच्या सिनेमातल्या नटाचे नाव घेता आले, हे आमच्या समीक्षकांनी कधी तरी आपल्या वहीत टिपून ठेवावे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. असले सिनेमे सूड शिकवतात, हा त्यांचा आक्षेप. आम्हाला शंका आहे की या मंडळींनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेलाच नाही. चेन झेनचा बदला काय मिळवतो? तो जपानी आखाड्यात जाऊन हिशेब चुकता करतो, तेव्हा इकडे जपानी माणसे जिंगवूत शिरून त्याच्या गुरुबंधूंची कत्तल करतात. संस्थेवर टाळे लागायची पाळी येते. ती वाचावी म्हणून तो स्वतःला हवाली करतो. फाटकाबाहेर बंदुका रोखलेल्या आहेत. तो किंचाळत धावतो, उडी घेतो, चित्र तिथेच गोठते आणि फक्त गोळ्यांचा आवाज ऐकू येतो. पाटी फोडणारी उडी आणि ही उडी, दोन्ही एकाच माणसाच्या. पहिल्या उडीला लोक ओरडतात, दुसरीला थेटर गप्प होते. ज्याला शिट्टी मारणारा अडाणी म्हणतात त्याला हा फरक कळतो. न कळता तो गप्प झाला नसता.

उर्दूत आमच्याकडे दोन शब्द आहेत, इंतकाम आणि इन्साफ. जवळजवळचे वाटतात, पण एक नव्हेत. इंतकाम म्हणजे सूड, इन्साफ म्हणजे न्याय. इस्लामी कायद्यातल्या किसासनेही बदल्याला मोजमाप घातले आहे. जेवढी इजा तेवढीच, त्याहून तसूभर जास्त नाही, आणि माफ केले तर ते अधिक चांगले. हे मोजमाप न्यायाच्या चौकटीत आहे, रस्त्यावरच्या टोळीच्या हाती नाही. सूडाचा सिनेमा लोकप्रिय होतो तो नेमका जिथे इन्साफ मिळेनासा होतो तिथे. 'फिस्ट ऑफ फ्युरी'तले पोलीस ठाणे, वकिलात, कचेरी, सारे काही आहे. फक्त चिनी माणसाची तक्रार घेणारे कोणी नाही. म्हणून सूडपटाला दोष देण्याआधी कचेरीकडे बघावे. ताप मोजणाऱ्या काचेच्या नळीला फोडून ताप उतरत नाही.

गरीब मुसलमान पोरगा सूडाचा सिनेमा बघतो म्हणून तो उद्या सूड घेईल, असे ज्यांना वाटते त्यांनी मालेगावला जाऊन यावे. हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद, आणि थेटरे भरलेली. या गावाने २००१ मध्ये दंगल व गोळीबार पाहिला, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, बॉम्बस्फोट सोसले आणि २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा सोसले. २००६ च्या स्फोटांसाठी गावातल्याच मुसलमान तरुणांना पकडले आणि त्यांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. सूडासाठी कारण शोधायचे म्हटले तर या गावाला लांब जावे लागले नसते. आणि या गावाने पडद्यावर काय केले? नासिर शेख यांनी २००० मध्ये सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. 'शोले' म्हणजे आपल्या देशातला सर्वांत गाजलेला सूडपट. ठाकूरचे कापलेले हात आणि गब्बरवरचा बदला. मालेगावने त्याची नक्कल काढून त्याच्यावर पोट धरधरून हसून घेतले. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्यात सुपरमॅन झाला तो शफीक शेख नावाचा किडकिडीत यंत्रमाग कामगार, आणि त्याची लढाई तंबाखूविरुद्ध. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सारे टिपले आहे. शफीक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. ज्या गावाला सूडाची भीती घालून जगाने दूर ठेवले, त्या गावाने सूडपटाचा हास्यपट केला. आता सांगा, सिनेमा कोणाला नीट कळतो?

इथवर आम्ही प्रेक्षकाची वकिली केली. पण वकिलाने अशिलालाही चार शब्द सुनवावे लागतात. 'फिस्ट ऑफ फ्युरी'त एक मोठे वैगुण्य आहे आणि टाळ्यांच्या गजरात ते झाकून जाते. या सिनेमात एकही भला जपानी नाही. सगळेच कपटी, सगळेच दारूडे, सगळेच क्रूर. जपानी सत्तेने चीनवर केलेले अत्याचार इतिहासात आहेत. पण सत्ता आणि समाज यांतली रेघ सिनेमाने पुसून टाकली. गंमत अशी की, मुख्य खलनायक सुझुकीची भूमिका करायला जपानहून आलेला रिकी हाशिमोतो हा एकेकाळचा बेसबॉल खेळाडू होता. आणि हा सिनेमा १९७४ मध्ये खुद्द जपानमध्ये लागला, तेव्हा जपानी तरुणांनीही ब्रूस लीलाच डोक्यावर घेतले. प्रेक्षकाने लेखकापेक्षा मोठे मन दाखवले, असे म्हणू. पण दर वेळी तसे होत नाही.

आम्हाला हे वैगुण्य दिसते, कारण आम्ही पडद्यावर बहुतेक वेळा सुझुकीच्याच जागी असतो. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताईत, तोंडात 'जनाब' आणि हातात बॉम्ब. आणि सूडपट नेहमी एक लाख डॉलरचाच असतो असे नाही, तो शेकडो कोटींचाही असतो. 'छावा' हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. छत्रपती संभाजी महाराजांचे शौर्य आणि त्यांनी सोसलेल्या यातना यांबद्दल या मातीतल्या कोणाही माणसाला जे वाटते तेच आम्हाला वाटते. तो आमचाही इतिहास आहे. पण १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात दंगल झाली आणि दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले की या चित्रपटामुळे लोकांच्या भावना पुन्हा प्रज्वलित झाल्या आहेत. दंगलीची कारणे अनेक असतात. ती पोलिसांनी आणि न्यायालयाने शोधावीत. आमचा प्रश्न एवढाच आहे. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचा राग आज ज्याच्या दुकानावर निघतो, त्याचा त्या बादशहाशी संबंध काय? आणि दुसरा प्रश्न त्या सभ्य मंडळींना, जे गरिबाच्या सूडपटाने समाज बिघडतो म्हणून लेख लिहितात. बलवानाच्या सूडपटाच्या वेळी त्यांची शाई का वाळते? दुबळ्याचा राग म्हणजे हिंसा आणि बहुसंख्यांचा राग म्हणजे अस्मिता, हे मोजमाप कुठल्या दुकानात मिळते?

म्हणून आमची कसोटी साधी आहे. सूडपटातली लाथ कोणावर पडते ते पाहा. ती पाटीवर पडत असेल, फाटकावर, कचेरीवर, सत्तेच्या माजावर पडत असेल, तर टाळी वाजवा. ती शेजाऱ्यावर पडत असेल, तर हात आवरा. 'फिस्ट ऑफ फ्युरी' या कसोटीला अर्धाच उतरतो. बागेपाशी उतरतो, अनेक ठिकाणी उतरत नाही.

आणि बागेपाशीही थोडे थांबा. पाटीकडे बोट दाखवणारा तो पहारेकरी कोण आहे? तो इंग्रज नाही, जपानी नाही. तो पगडीवाला शीख आहे. म्हणजे आपला माणूस. ही कल्पना सिनेमावाल्यांची नाही. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांत १८८० च्या दशकापासून शीख शिपाई होते. पगडी शिखाची म्हणून आम्हीही सुटत नाही. हाँगकाँगच्या पोलीस दलात पंजाबी मुसलमान होते आणि तिथल्या कौलून मशिदीची सुरुवात १८९६ मध्ये ब्रिटिश हिंदी फौजेतल्या मुसलमान शिपायांसाठीच झाली. घरच्या गरिबीमुळे हे लोक परमुलखात गेले आणि तिथल्या गुलामांना हटकण्याचा पगार त्यांना मिळाला. आपले प्रेक्षक वर्षानुवर्षे चेन झेनसाठी टाळ्या वाजवत आले. त्या चौकटीत आपण फाटकाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. दुसरा तो दुभाषी. तसबीर घेऊन येणारा, जपान्यांची भाषा चिन्यांना ऐकवणारा आणि त्यात स्वतःचा तुच्छपणा मिसळणारा चिनी माणूस. थेटरात सर्वांत जास्त राग त्याचाच येतो. मुसलमान समाजातही असे दुभाषी आहेत. ते दोन्हीकडे आहेत. सत्तेच्या दरबारात समाजाला मागास म्हणून हसून दाखवणारेही तेच, आणि समाजात येऊन बाहेरचे सगळे तुमचे दुश्मन आहेत असे घाबरवणारेही तेच. पाटी फोडायची तर या दोघांकडेही बघावे लागेल.

राहिला तिसरा पक्ष, आमच्या बुजुर्गांचा. त्यांच्याबद्दल आमच्या मनात अदब आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. सिनेमा हराम म्हणून दार लावून घेतल्याने मुलांनी तो बघायचे थांबवले का? थेटर होते तेव्हा ती थेटरात गेली, मग भाड्याच्या सीडीवर आली, आज त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर सारे जग आहे. दार तुम्ही तुमच्यासाठी लावले. मुले खिडकीतून केव्हाच गेली. ती जे बघतात त्याबद्दल त्यांच्याशी बोलणारे मोठे माणूस घरात नाही, मदरशात नाही आणि शाळेतही नाही. ती बोलतात फक्त एकमेकांशी, आणि मग जो मोठ्याने बोलतो त्याचे ऐकतात.

मराठीत 'तालीम' म्हणजे आखाडा. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. शब्द एकच, अरबीतून आलेला. जिंगवू ही दोन्ही अर्थांची तालीम होती. तिथे शरीर घडत होते आणि उस्तादाची शिकवणही मिळत होती. आमच्या मुलांना पहिली तालीम पडद्यावरून मिळते. दुसरी आम्ही द्यायची आहे, आणि ती देण्यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. वर्गात सातवीची मुले मधल्या सुट्टीत लाथा झाडत असतात. त्यांना छडी दाखवणे सोपे आहे. त्यापेक्षा एक तास त्यांच्याशी या सिनेमांवर बोलावे. नायकाला राग कशाचा आला? तो तक्रार कोणाकडे करू शकला असता? त्याच्या रागाची किंमत कोणी मोजली? सगळे जपानी वाईट होते का? फाटकावरचा तो पहारेकरी कोण, आणि त्याला पगार कोण देत होते? मुले उत्तरे देतात, भराभर देतात. नाव सांगताच बंद झालेली घरे त्यांनी आपल्या आईबापांबरोबर पाहिलेली आहेत. पाटीचा अर्थ त्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा आधी कळला आहे. त्यांना शिकवायचे आहे ते एवढेच की, पाटी फोडणे आणि माणूस फोडणे यांत अंतर आहे, आणि पाटी फोडायला लाथेपेक्षा टिकाऊ साधने असतात. संविधान आहे, न्यायालय आहे, लेखणी आहे, मतदान आहे. शांघायची ती बाग लाथेने उघडली नाही. ती लोकांच्या वर्षानुवर्षांच्या मागणीने, अर्जांनी आणि बदलत्या राजकारणाने उघडली. सिनेमाने त्या दीर्घ कंटाळवाण्या लढ्याची काही सेकंदांची खूण करून दिली. खुणेची किंमत खुणेइतकी. पण ती खूणही नसती तर पुष्कळांना लढा आठवलाच नसता.

म्हणून समीक्षकांनी नाक मुरडायचे थांबवावे, काळजीवाहूंनी आधी बलवानांच्या सूडाची काळजी करावी आणि बुजुर्गांनी दार उघडून मुलांच्या शेजारी येऊन बसावे. हाणामारीचा सिनेमा बघणारा माणूस अडाणी नसतो. तो फाटकाबाहेर फार वेळ उभा राहिलेला माणूस असतो. त्याच्या टाळीला हसू नका. टाळी संपल्यावर त्याच्याशी बोला.